पाण्यात उभी कपाशी का सुकते?

विसरण शिकवताना आपण वर्गाच्या एका कोपऱ्यात उदबत्ती लावतो. थोड्याच वेळात शेवटच्या बाकावरच्या मुलांना वास येतो आणि आपण सांगतो, हे विसरण. पण वर्गातील हवा सतत हलत असते. वास मुख्यतः तिच्याबरोबर वाहत येतो. हवा अगदी निश्चल असेल, तर नुसत्या विसरणाने पाच मीटर अंतर कापायला वासाच्या रेणूंना आठवड्याहून अधिक काळ लागेल. मग इतक्या मंद प्रक्रियेवर श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण चालते तरी कसे?

याचे उत्तर अंतरात आहे. विसरणाचे नियम अडॉल्फ फिक यांनी 1855 मध्ये मांडले. त्यांतून असे निघते की, अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट लागतो आणि अंतर दसपट झाले तर शंभरपट. ऑक्सिजनला स्थिर पाण्यातून मिलिमीटरचा हजारावा भाग ओलांडायला सेकंदाचा सुमारे चार हजारावा भाग पुरतो. एक मिलिमीटरला मात्र चार मिनिटे लागतात, आणि एक सेंटिमीटरला सुमारे सात तास!

म्हणूनच आपल्या फुप्फुसातील वायुकोशाची भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते. विश्रांतीच्या वेळी रक्त वायुकोशाजवळच्या केशवाहिनीत जेमतेम पाऊण सेकंद असते. तेवढ्यात ऑक्सिजन आत येतो आणि कार्बन डायॉक्साइड बाहेर पडतो. लांबचा प्रवास छातीचा भाता आणि हृदय घडवतात. शेवटचे पाऊल तेवढे विसरणाचे.

वनस्पतीला भाताही नाही आणि हृदयही नाही. म्हणून पान पातळ असते आणि आतून पोकळ्यांनी भरलेले असते. हवेत कार्बन डायॉक्साइड जेमतेम 0.04 टक्के. उन्हात हरितलवके तो वापरत राहतात, त्यामुळे पानाच्या आत त्याची संहती बाहेरच्यापेक्षा कमी राहते आणि पर्णरंध्रांतून तो आत येत राहतो. तयार झालेला ऑक्सिजन त्याच वाटेने बाहेर जातो. श्वसन मात्र दिवसरात्र चालूच असते, आणि ते मुळांतही चालते. मुळांना ऑक्सिजन कोठून मिळतो? मातीच्या कणांमधल्या हवेतून.

आता धुळे शहराच्या देवपूर भागातून बाहेर पडून जवळच्या एखाद्या काळ्या जमिनीतील कपाशीकडे पाहू या. पावसाने बराच ताण दिला आणि मग एकदम जोराचा पाऊस पडून शेतात पाणी साचले, तर कधी कधी हिरवीगार झाडे एक-दोन दिवसांत माना टाकतात. याला आकस्मिक मर म्हणतात. पाणी मुळाशी असून झाड सुकते, हे कोडेच वाटते.

ऑक्सिजनचे विसरण हवेत जितक्या वेगाने होते, त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद ते पाण्यात होते. निश्चल हवेत 10 सेंटिमीटर खोल जायला त्याला चार मिनिटे पुरतात. स्थिर पाण्यात जवळजवळ महिना लागतो. मातीतील वाकडीतिकडी वाट हे दोन्ही वेळ आणखी वाढवते. शिवाय पाण्यात मुळात ऑक्सिजन मावतोच थोडा, आणि मातीतले सूक्ष्मजीव तोही संपवतात. काळ्या मातीची छिद्रे बारीक, निचरा सावकाश. परिणामी मुळे गुदमरतात. त्यांना ऊर्जा मिळत नाही, त्यामुळे पाणी शोषणे मंदावते. पाणी वाचवण्यासाठी पाने पर्णरंध्रे मिटतात. मग कार्बन डायॉक्साइड आत येण्याची वाटही बंद होते. मुळाचे श्वसन अडले आणि वर पानातले प्रकाशसंश्लेषण थांबले!

यासाठी आपल्या शेतकऱ्यांकडे एक नेमका शब्द आहे: वाफसा. मातीत ओल आहे आणि हवाही आहे, अशी ही स्थिती. चर काढून साचलेले पाणी बाहेर काढणे आणि वाफसा येताच कोळपणी करणे, ही कामे मुळांपर्यंत हवेची वाट मोकळी करण्यासाठीच असतात. आकस्मिक मर दिसू लागल्यावर पहिला उपाय हाच, आणि तो जितका लवकर तितके पीक वाचण्याची शक्यता अधिक.

मग भात पाण्यात कसा वाढतो? नवापूरकडच्या भातखाचरातील रोप उपटून त्याचे मूळ आडवे कापा आणि भिंगातून पाहा. आत हवेच्या पोकळ नळ्या दिसतील. पानांकडून आलेला ऑक्सिजन या नळ्यांतून खाली पोहोचतो. वाट पाण्यातून नसून हवेतून असल्याने विसरण पुरेसे ठरते.

शाळेत एक प्रयोग करता येईल. दोन सारख्या कुंड्यांत काळी माती भरून कपाशीची रोपे वाढवा. रोपे वीतभर झाल्यावर एका कुंडीचे खालचे छिद्र मेणाने बुजवा आणि मातीवर बोटभर पाणी कायम ठेवा. दुसरीला नेहमीसारखेच पाणी द्या. दोन आठवडे रोज पानांचा रंग, उंची आणि टवटवी नोंदवा. शेवटी दोन्हींची मुळे धुऊन शेजारी ठेवा. ती पाहूनच मुलांना विचारा: जास्त पाणी मिळालेले रोप तहानलेले का दिसते?