जठराच्या कर्करोगाचे लवकर निदान : एंडोस्कोपी वेळेवर का करावी?

जठराचा कर्करोग म्हटला की मोठी गाठ डोळ्यांसमोर येते. प्रारंभी मात्र हा रोग जठराच्या आतील नाजूक आवरणात व त्यालगतच्या थरातच असतो. या अवस्थेत त्याची लक्षणे बहुधा जाणवत नाहीत. जाणवलीच तर ती अपचन किंवा पित्तासारखी असतात. याच टप्प्यावर रोग ओळखला गेल्यास पूर्ण बरा होण्याची शक्यता सर्वाधिक असते.

तपासणीत काय पाहिले जाते?

एंडोस्कोपीत कॅमेरा असलेली लवचीक नळी तोंडावाटे जठरात नेतात. पृष्ठभागाच्या आकारावरून प्रारंभिक रोगाचे तीन प्रकार मानले जातात : उंचवट्यासारखा, जवळजवळ सपाट व खोल व्रणासारखा. सपाट प्रकाराचेही किंचित उंच, पूर्ण सपाट व किंचित खोलगट असे तीन उपप्रकार आहेत. जपानमध्ये रूढ झालेली ही पद्धत २००२ मधील पॅरिस वर्गीकरणाने जगभर मान्य झाली. रोग किती खोल गेला असेल आणि पोट न उघडता तो काढता येईल का, याचा अंदाज यातून बांधता येतो.

काही विरळ प्रकार सहज नजरेतून निसटतात. एका प्रकारातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली खड्याच्या अंगठीसारख्या दिसतात. जठरात मात्र त्याची खूण म्हणजे केवळ एक फिकट, सपाट डाग असू शकतो. दुसरा प्रकार जठराच्या वरच्या भागात लहानशा पांढुरक्या उंचवट्याच्या रूपाने आढळतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू या रोगाचे प्रमुख कारण असला, तरी असे विरळ प्रकार जिवाणूचा संसर्ग नसलेल्या जठरातही होऊ शकतात. म्हणून तज्ज्ञ संशयित जागेचा सूक्ष्म तुकडा तपासणीसाठी घेतात. यालाच बायोप्सी म्हणतात. बायोप्सी घेतली म्हणजे कर्करोग झालाच, असे समजू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

• कारण नसताना वजन घटणे
• थोडे खाताच पोट भरणे किंवा वारंवार उलटी होणे
• घास गिळताना अडखळणे
• डांबरासारखी काळी शौचास होणे किंवा रक्ताची उलटी होणे (अशा वेळी तातडीने रुग्णालयात जावे)
• रक्तक्षय होऊन त्याचे कारण न सापडणे
• उतारवयात प्रथमच अपचन सुरू होऊन ते न थांबणे

आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणास हा रोग झाला असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

स्वतःच्या मनाने पित्ताच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊ नयेत. या गोळ्यांनी कर्करोगाचा व्रणही काही काळ भरल्यासारखा दिसू शकतो. त्रास थांबतो, रोग मात्र वाढत राहतो.

तपासणीपूर्वीची तयारी

तपासणीपूर्वी किमान सहा ते आठ तास काही खाऊ नये. पाणी केव्हापर्यंत प्यावे, हे रुग्णालयात विचारावे. जठरात अन्न उरल्यास लहान डाग झाकला जातो. मधुमेहाची, रक्त पातळ करणारी व पित्ताची औषधे चालू असल्यास आधी कळवावे. ती परस्पर बंद करू नयेत. तपासणीचा व बायोप्सीचा अहवाल जपून ठेवावा आणि पुढील भेटीत दाखवावा.

प्रतिबंध व उपचार

तंबाखू व मद्य टाळावे. खारवलेले व धुरावलेले पदार्थ कमी खावेत; ताजी फळे व भाज्या वाढवाव्यात. भारतात या रोगाचे प्रमाण मिझोराममध्ये विशेष अधिक असून तेथील तंबाखूच्या वापराशी व धुरावलेल्या मांसाशी त्याचा संबंध आढळला आहे. जिवाणूचा संसर्ग आढळल्यास औषधांचा पूर्ण क्रम घ्यावा.

अगदी वरवरचा रोग निवडक रुग्णांत एंडोस्कोपीद्वारेच काढता येतो. रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. भीतीपोटी किंवा संकोचापोटी तपासणी लांबवू नका. आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात आजच सल्ला घ्या.