बीच ट्रिप: आधी महिना, मग जागा

बीचला जायचं ठरलं की आपण आधी रील्स बघतो, मग तिकिटं. माझं म्हणणं, हा क्रम बदला. सुट्टी कुठल्या महिन्यात मिळतेय ते आधी बघा. समुद्र काही आपल्या लीव्ह कॅलेंडरवर चालत नाही.

समजा, ऑगस्टमध्ये रजा आहे. नैऋत्य मोसमी वारे तेव्हा कोकण, गोवा आणि थायलंडच्या फुकेतवर थेट येतात. हॉटेल स्वस्त मिळतं खरं, पण समुद्र खवळलेला असतो. तारकर्लीचं स्कूबाही बंद. फुकेतला लाल बावटा दिसला की पाण्यात उतरायचंच नाही. आत ओढणारा प्रवाह पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सोडत नाही. त्याच थायलंडचं को सामुई मात्र पूर्वेच्या आखातात. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. बाली तर विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तिथे साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ.

डिसेंबरची सुट्टी असेल तर गणित उलटं: बालीत पाऊस, आपल्या तारकर्लीत नितळ पाणी. पासपोर्टही नको, वर मालवणी जेवण!

लक्षद्वीप मनात असेल तर परमिट आधी काढा, भारतीयांनाही ते लागतं. तिकीट त्यानंतर. चला, भेटू पुढच्या भागात!