न झालेल्या खटल्यांचे दाखले

विमानातली खाण्यापिण्याची ट्रॉली गुडघ्याला लागली म्हणून एका प्रवाशाने आविआंका या कोलंबियाच्या विमान कंपनीवर न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. दावा मुदतबाह्य आहे, असे कंपनीचे म्हणणे. त्यावर प्रवाशाच्या वकिलांनी २०२३ मध्ये अर्धा डझन निवाड्यांचे दाखले दिले. पक्षकारांची नावे, न्यायालय, वर्ष, सगळे जागच्या जागी. पण ते निवाडे ना विरुद्ध बाजूच्या वकिलांना सापडले, ना न्यायालयाला. सापडणार कसे? ते खटले झालेच नव्हते. चॅटजीपीटीने ते रचले होते. आणि वापरणारा वकील नवशिका नव्हता, ३० वर्षांहून जास्त वकिली केलेला होता. न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलरचा दंड केला.

या प्रकरणातला मला सर्वांत बोलका वाटणारा तपशील दंडाचा नाही. त्या वकिलाला शंका आली होती. त्याने यंत्रालाच विचारले, हा खटला खरा आहे ना? यंत्र म्हणाले, हो.

‘यंत्राने शोधले, पण चुकीचे शोधले’ असे यावर बरेच जण म्हणतात. गैरसमजाचे मूळ इथेच आहे. नुसते भाषा मॉडेल काही शोधतच नाही. आधीच्या शब्दांपुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे हेरून ते वाक्य पुढे नेते. आपल्याकडे पंचनाम्याची भाषा तोंडपाठ असलेला माणूस घटनास्थळी पाऊल न ठेवता बसल्या जागी पंचनामा लिहू शकतो, तसेच हे. निवाड्याचा दाखला तर साच्यातलाच मजकूर असतो: अमुक विरुद्ध तमुक, वर्ष, खंड, पान. साचा ठरलेला असल्यामुळे खोटा दाखलाही अगदी नीटनेटका उतरतो. ‘हे खरे आहे का’ या प्रश्नाचे उत्तरही त्याच पद्धतीने येते, कपाटातला ग्रंथ उघडून नाही.

मग पैसे मोजून घेतलेले, निवाड्यांचा स्वतःचा साठा जोडलेले खास कायद्याचे साधन तरी बिनचूक असेल? ते आधी साठ्यातून निवाडे काढते आणि मग लिहिते, त्यामुळे चुका कमी होतात हे खरे. पण स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये अमेरिकेतली अशी नामांकित साधने तपासली, तेव्हा चुकीची किंवा निराधार उत्तरे १७ ते ३३ टक्क्यांच्या दरम्यान निघाली. या चुकांचा प्रकारही वेगळा. निवाडा खरा असतो, पण त्यात म्हटलेले भलतेच असते. कुणा वकिलाचा युक्तिवाद न्यायालयाचे मत म्हणून समोर येतो. न झालेला खटला निदान शोधताना उघडा पडतो. इथे ज्युनिअर सायटेशन पडताळतो, ते सापडते, आणि तो निर्धास्त होतो. मला हा प्रकार जास्त घातक वाटतो.

‘पण ते वकिलीची परीक्षा पास झाले की!’ जीपीटी-४ हे मॉडेल अमेरिकेतल्या या परीक्षेत पहिल्या दहा टक्क्यांत आले, हे २०२३ मध्ये गाजले. ती तुलना फेब्रुवारीच्या परीक्षेशी होती, आणि त्या परीक्षेला आधी नापास झालेले पुष्कळ जण बसतात. २०२४ मध्ये छापून आलेल्या फेरतपासणीत तुलना केवळ उत्तीर्णांशी केली, तेव्हा ते ४८ व्या पर्सेंटाइलच्या आसपास आले. निबंधवजा उत्तरांत १५ व्या.

आपल्याकडची अडचण आणखी वेगळी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि दीडशे वर्षांची कलमे हलली. खुनाचे ३०२ आता १०३ झाले. नव्या संहितेतले ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या उद्गारांबद्दल आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. तिच्या जागी आलेल्या नव्या प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. जुन्या आकड्यांनी भरलेला मजकूर वाचून तयार झालेल्या मॉडेलची गफलत इथे सहज होते. त्यात गुन्हा १ जुलैपूर्वीचा असेल, तर जुनेच कलम लागते.

भाषेचेही तसेच. रोजच्या मराठीत दरखास्त म्हणजे अर्ज. दिवाणी न्यायालयात ती हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी असते. कैफियत म्हणजे रडगाणे नव्हे, प्रतिवादीचे लेखी म्हणणे. यंत्राने ‘लीव्ह ग्रँटेड’चे भाषांतर ‘सुट्टी मंजूर’ अशा अर्थाचे केल्याचा किस्सा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीच सांगितला आहे. निवाड्यांच्या भाषांतरासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘सुवास’ हे सॉफ्टवेअर आणले. तरी त्याच्या मजकुरावर जाणकार माणसाला नजर फिरवावीच लागते.

आणि खोटे दाखले हे फक्त वकिलांचे दुखणे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक आकारणी आदेश रद्द केला; त्यात अधिकाऱ्याने आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राने दिलेले निकाल पडताळल्याशिवाय वापरू नयेत, असे न्यायालयाने सुनावले.

म्हणून हे साधन अडगळीत टाकायचे, हाही गैरसमजच. चारशे पानांच्या कागदपत्रांतून तारीखवार घटनाक्रम काढायला सांगा, प्रत्येक नोंदीपुढे पान क्रमांक मागा आणि ते पान उघडून बघा: दिवसाचे काम तासांवर येऊ शकते. नोटिशीचा पहिला मसुदाही ते बरा करते. कागद समोर ठेवून विचारणे आणि हवेतून दाखले मागणे, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. मात्र अशिलाची कागदपत्रे सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या चॅटमध्ये चिकटवण्याआधी थांबा. गोपनीयतेचे बंधन यंत्रावर नाही, वकिलावर आहे.

केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांत अशा साधनांच्या वापराचे धोरण आखले. निर्णय किंवा निकाल देण्यासाठी हे साधन वापरायचे नाही. जिथे वापरले तिथे कोणते वापरले आणि माणसाने ते कसे तपासले, याची नोंद ठेवायची.