घरची सवय आणि प्रवासातील वर्तन

नवी मुंबईच्या वसाहतींत सकाळी कचऱ्याची गाडी आली म्हणजे ओला कचरा एका डब्यात व सुका दुसऱ्या डब्यात देणे, ही गोष्ट आता असंख्य कुटुंबांच्या अंगवळणी पडली आहे. हेच कुटुंब रविवारी पनवेलजवळील कर्नाळा पक्षी अभयारण्यात सहलीस निघाले, म्हणजे ही सवय त्याच्यासोबत जाते काय?

ती आपोआप जाते असे आपण गृहीत धरतो. अनुभव तसा नाही. इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाचे स्ट्युअर्ट बार व त्यांचे सहकारी यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, घरी पर्यावरणाबाबत दक्ष असणारी माणसेही सुटीतील विमानप्रवास सोडण्यास सहसा राजी नव्हती. सुटी ती सुटीच, असा त्यांचा भाव होता. आपल्याकडे विमानाच्या जागी भाड्याची मोटार घातली की चित्र ओळखीचे वाटेल. आठवडाभर हार्बर मार्गावरील लोकलने कामावर जाणाऱ्यास रविवारी पनवेलहून सुटणारी एस. टी. आठवत नाही.

याचे कारण केवळ बेपर्वाई नव्हे. सवय ही मनात जितकी असते तितकीच व्यवस्थेतही असते. दोन डबे, गाडीची ठराविक वेळ, शेजाऱ्यांची नजर यांचा तिला आधार असतो. रस्त्याकडेला मोटार थांबवून न्याहारी करताना यांपैकी काहीच नसते. कर्नाळ्याच्या प्रवेशद्वारी प्लास्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेण्याची व परतताना त्या दाखविल्यावर ती परत करण्याची पद्धत अनेकांच्या परिचयाची आहे. घरी जे काम गाडीची घंटा करते, ते येथे अनामत करते. तिची सत्ता मात्र फाटकापुरतीच!

फाटकाबाहेर रस्ता आहे आणि गावे आहेत. शहरातील कचऱ्यासाठी महापालिकेकडे वाहने, कामगार व तुर्भे येथील प्रक्रिया प्रकल्प आहे. तोच कचरा गावच्या ओढ्यात पडला, तर लहान ग्रामपंचायतीजवळ यांपैकी फारच थोडे असते. सहलीचा आनंद एकाचा व झाडलोट दुसऱ्याची, असा हा व्यवहार होतो.

म्हणून व्यवस्थाच सोबत न्यावी लागते. शाळेच्या सहलीत शिक्षकांना हे सहज साधेल. बसमध्ये दोन पिशव्या टांगाव्यात, पाणी घरूनच भरून आणण्यास सांगावे, पिशव्यांची जबाबदारी दोन विद्यार्थ्यांकडे नावानिशी सोपवावी आणि परतल्यावर त्या पिशव्या दुसऱ्या दिवशी आपल्याच गाडीत रिकाम्या कराव्यात.