नियम बदलत राहिले, नगरसेवक आलेच नाहीत

पुण्याच्या मतदाराला गेल्या पंचवीस वर्षांत महापालिकेच्या जवळपास प्रत्येक निवडणुकीत मतदानाची पद्धत नव्याने समजून घ्यावी लागली. २००२ मध्ये एका प्रभागातून तीन नगरसेवक निवडायचे होते. २००७ मध्ये एक. २०१२ मध्ये दोन. २०१७ मध्ये चार. २०२२ साठी पुन्हा तीनचा प्रभाग ठरला, नकाशे प्रसिद्ध झाले, हरकती-सूचनांवर सुनावण्या झाल्या, आणि निवडणूकच झाली नाही. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले तेव्हा प्रभाग चारचा झाला होता. ३८ क्रमांकाच्या प्रभागात तर पाच जण निवडायचे होते.

यातला एकही बदल मतदारांनी मागितलेला नव्हता. निर्णय प्रत्येक वेळी मंत्रालयात झाला. कधी विधेयक आले, कधी वटहुकूम निघाला. सत्तेत कोण आहे यावर प्रभाग किती जणांचा हे ठरत गेले, आणि हे सगळ्याच पक्षांनी केले.

प्रभागात एक नगरसेवक असला काय, चार असले काय, सामान्य माणसाला काय फरक पडतो? बराच पडतो. ताज्या रचनेत पुण्यात चारच्या प्रभागाची सरासरी लोकसंख्या ऐंशी हजारांहून अधिक आहे, तीही २०११ च्या जनगणनेनुसार. एवढ्या पसाऱ्यात घरोघर फिरून प्रचार करणे पैशाचे आणि मनुष्यबळाचे काम होते. आपल्या वस्तीत वर्षानुवर्षे राबलेला, पण पक्षाचे पाठबळ नसलेला कार्यकर्ता तिथे तग धरत नाही. आणि निवडणुकीनंतर गटार तुंबले की चौघांपैकी कोणाला फोन करायचा, हा प्रश्न उरतोच. ‘ते काम दुसऱ्या नगरसेवकाकडे आहे’ हे उत्तर अशा प्रभागांत नवे नाही. मोठ्या प्रभागात विकासाचा समतोल साधता येतो, असे या पद्धतीचे समर्थक म्हणतात. त्यात तथ्य असेल, तर मुंबईत आजही एका प्रभागाला एकच नगरसेवक का, याचे उत्तर त्यांनी द्यायला हवे.

नगराध्यक्ष आणि सरपंच यांच्या निवडीचीही हीच कथा. विलासराव देशमुखांच्या काळात नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्याची पद्धत आली आणि पुढे मागे पडली. देवेंद्र फडणवीस सरकारने २०१६ मध्ये ती परत आणली आणि २०१७ मध्ये सरपंचही थेट निवडायला सुरुवात केली. महाविकास आघाडीने २०२० मध्ये दोन्ही रद्द केले. जुलै २०२२ मध्ये, सत्तेवर येऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, एकनाथ शिंदे सरकारने दोन्ही पुन्हा लागू केले.

थेट निवडीच्या बाजूने बोलण्यासारखे आहे. सदस्यांची पळवापळवी, सहलीला नेऊन कोंडून ठेवणे, आदल्या रात्रीचे व्यवहार यांना तिने काही प्रमाणात आळा बसतो. पण नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे असेल तर गावाचा कारभार अडून बसतो, हाही अनुभव आहे. शिवाय थेट सरपंचाला हटवणे मुद्दाम अवघड केले गेले. पहिली दोन वर्षे अविश्वास ठराव आणता येत नाही. त्यानंतर तीन चतुर्थांश सदस्यांनी तो मंजूर केला, तरी त्यावर ग्रामसभेची मोहोर लागते. दोन्ही पद्धतींत गुणदोष आहेत आणि त्यांची चर्चा व्हायला हवी. पण सरकार बदलले की गावाने सरपंच निवडायची रीत बदलावी, याला सुधारणा म्हणता येत नाही.

या खेळाची सर्वांत मोठी किंमत २०२२ मध्ये मोजली गेली.

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपणार होती. त्याआधी तेव्हा सत्तेत असलेल्या महाविकास आघाडीने महापालिकांमध्ये तीनचा प्रभाग आणला होता आणि मुंबईतल्या जागा २२७ वरून २३६ केल्या होत्या. त्याच सुमारास इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा पेच उभा राहिला. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास गवळी खटल्यात तीन अटी घातल्या होत्या. आयोग नेमून मागासलेपणाची माहिती गोळा करावी, त्या आधारे प्रत्येक संस्थेपुरते प्रमाण ठरवावे, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ नये. राज्य मागासवर्ग आयोगाचा घाईचा अंतरिम अहवाल न्यायालयाने ३ मार्च २०२२ रोजी नाकारला. चार दिवसांत, बरोबर ७ मार्चला, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने विधेयक मंजूर करून प्रभाग आखण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतला.

हे एकमत लक्षात ठेवण्यासारखे आहे. ओबीसींच्या जागा वाचवण्यासाठी वेळ हवा, हे कारण सांगितले गेले आणि त्यामागची भावना खोटी नव्हती. पण एका निवडणुकीच्या अडचणीवर उपाय म्हणून जो अधिकार हलवला, तो परत आला नाही.

पुढे ओबीसींच्या आरक्षणासाठी नेमलेल्या जयंतकुमार बांठिया आयोगाचा अहवाल आला. २० जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य करून दोन आठवड्यांत निवडणूक कार्यक्रम जाहीर करायला सांगितले. रस्ता मोकळा झाला होता आणि अनेक शहरांत आरक्षणाच्या सोडतीही निघाल्या होत्या. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात नव्या सरकारने आधीची सगळी रचना रद्द केली. मुंबई पुन्हा २२७ वर आली, बाकी शहरे पुन्हा चारच्या प्रभागावर गेली. तीनचा प्रभाग आणि २३६ जागा ठरल्या तेव्हा नगरविकास खाते एकनाथ शिंदे यांच्याकडेच होते. तो निर्णय फिरवला गेला तेव्हा ते मुख्यमंत्री होते. एकाच नेत्याच्या अखत्यारीत वर्षभरात दोन उलट निर्णय झाले. वर्षभरात शहरांची लोकसंख्या तीच राहिली होती, बदलली होती ती राजकीय सोयरीक.

प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले. २२ ऑगस्ट २०२२ रोजी ‘जैसे थे’चा आदेश झाला आणि तारखांवर तारखा पडत गेल्या. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने चार आठवड्यांत अधिसूचना काढून चार महिन्यांत निवडणुका उरकण्यास सांगितले. ती मुदतही पाळली गेली नाही. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ ही अखेरची तारीख दिली, तेव्हा कुठे यंत्रणा हलली.

राज्यघटनेचा २४३-यू हा अनुच्छेद सांगतो, की नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पार पडली पाहिजे. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून हे बंधन घातले, कारण त्याआधी राज्य सरकारे नगरपालिका वाटेल तेव्हा बरखास्त करून वर्षानुवर्षे प्रशासक बसवत असत. २००६ मध्ये किशनसिंग तोमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन किती कडक आहे ते पुन्हा बजावले. तरीही मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक ही शहरे जवळपास चार वर्षे लोकप्रतिनिधींशिवाय चालली. नवी मुंबई, छत्रपती संभाजीनगर, वसई-विरार, कल्याण-डोंबिवली आणि कोल्हापूर यांची अवस्था त्याहून वाईट होती. तिथली मुदत २०२० मध्येच संपली होती. आधी करोना आला, मग आरक्षणाचा पेच, मग प्रभागांचा. पाच वर्षांची एक पूर्ण कारकीर्द तिथे निवडणुकीशिवाय गेली. २०१५ नंतर अठरा वर्षांच्या झालेल्या कोल्हापूरकराने महापालिकेसाठी पहिले मत वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत दिलेले नसू शकते.

प्रशासक म्हणजे कोण? महापालिकेत आयुक्तच. एरवी आयुक्त अंदाजपत्रक मांडतो, स्थायी समिती त्याची चिरफाड करते, सभागृह ते मंजूर करते. प्रशासकाच्या काळात मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. मुंबईचे २०२२-२३ चे अंदाजपत्रक सुमारे ४५,९४९ कोटींचे होते, २०२५-२६ चे ७४,४२७ कोटींचे झाले. कित्येक छोट्या राज्यांहून मोठा हा आकडा. त्यावर एकाही निवडून आलेल्या माणसाने सभागृहात प्रश्न विचारला नाही, कारण तसा माणूस तिथे नव्हता. ठराव झाले, निविदा निघाल्या, पण इतिवृत्तात विरोधाची एक ओळ नाही.

रिकामी जागा मात्र रिकामी राहत नाही. जुलै २०२३ मध्ये मुंबई महापालिकेच्या मुख्यालयात पालकमंत्र्यांसाठी दालन उघडले आणि त्यावर मोठा वाद झाला. प्रभागातल्या कामांसाठी लोक आमदारांच्या दारात जाऊ लागले. आमदार आणि नगरसेवक हे एकाच पक्षाचे असले तरी एकमेकांचे स्पर्धक असतात. चांगला नगरसेवक हा उद्याचा आमदार असतो. त्यामुळे नगरसेवक नसणे अनेक आमदारांना सोयीचे झाले, आणि नगरसेवक कधी व कसे निवडायचे याचा कायदा करण्याचा अधिकारही याच आमदारांच्या हाती आहे. या साऱ्या गोंधळाचे मूळ इथे आहे.

विधानसभेच्या मतदारसंघांबाबत असे घडू शकत नाही. ते परिसीमन आयोग आखतो, त्याच्या अध्यक्षस्थानी सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती असतात, आणि आयोगाचा अंतिम आदेश कोणतेही सरकार फिरवू शकत नाही. महाराष्ट्रातले आजचे मतदारसंघ २००८ च्या आदेशानुसार आहेत आणि त्यानंतर आलेल्या एकाही मुख्यमंत्र्याला त्यातली गल्ली इकडची तिकडे करता आली नाही. आमदारांनी स्वतःच्या मतदारसंघाला मिळालेले हे संरक्षण नगरसेवकाच्या प्रभागाला दिले नाही. २०२५ ची रचना करताना आयुक्तांनी आराखडा तयार केला आणि तो नगरविकास खात्यामार्फत निवडणूक आयोगाकडे गेला. म्हणजे सत्ताधारी पक्षाचे खाते नकाशाच्या वाटेतच उभे होते.

राज्य निवडणूक आयोग किती स्वतंत्र असावा, याचा निर्वाळा गोव्याच्या एका प्रकरणात मिळाला आहे. तिथल्या सरकारने कायदा सचिवाकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार सोपवला होता. मडगाव, म्हापसा, मुरगावसह पाच नगरपालिकांतील प्रभाग आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १२ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने ही घटनेची थट्टा असल्याचे सुनावले. सरकारी नोकरीत असलेल्या व्यक्तीला हे पद देता येणार नाही, असा तो निकाल देशभर लागू आहे.

इतक्या वर्षांनी निवडणूक आली, तीही शंकांचे ओझे घेऊन. मुंबईच्या प्रारूप मतदार यादीत सुमारे ११ लाख दुबार नोंदी आढळल्या. १ नोव्हेंबर २०२५ रोजी विरोधी पक्षांनी मुंबईत ‘सत्याचा मोर्चा’ काढला. आयोगाने अशा नावांपुढे दोन तारे छापून मार्ग काढला. लोकसभा-विधानसभेला मत कोणाला गेले हे दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी दिसते, ती या निवडणुकांत नव्हती. एका मतदान यंत्रावर अनेक मते घेणाऱ्या प्रभागांसाठी व्हीव्हीपॅट घडवलेलेच नाही, असे कारण दिले गेले. बहुसदस्य प्रभागाच्या हट्टाने मतदाराकडून पडताळणीचे एक साधनही काढून घेतले, ही बाब चर्चेत फारशी आलीच नाही.

उपाय अवघड नाहीत. युरोपातल्या व्हेनिस आयोगाने २००२ मध्ये निवडणुकांसाठी संहिता केली. मतदानाची पद्धत, मतदारसंघांच्या सीमा आणि निवडणूक आयोगांची रचना यांत निवडणुकीपूर्वीच्या वर्षात बदल करू नये, असे ती सांगते. महाराष्ट्राने याहून पुढे जाऊन केलेला बदल येणाऱ्या निवडणुकीला नाही तर त्यापुढच्या निवडणुकीला लागू होईल असा कायदा केला, तर प्रभागांशी खेळण्यातला फायदाच संपेल. आज नियम बदलणाऱ्याला सहा वर्षांनी कोण सत्तेत असेल हे माहीत नसते. प्रभाग आखण्याचा अधिकार आयोगाकडे परत देण्यासाठीही एक साधी दुरुस्ती पुरे आहे. मार्च २०२२ मध्ये उलट दिशेची दुरुस्ती एका दिवसात झाली होती.

हा विषय लवकरच पुन्हा समोर येणार आहे. २०२७ ची जनगणना झाली की लोकसंख्येचे नवे आकडे येतील आणि त्यानुसार राज्यातले सगळे प्रभाग नव्याने आखावे लागतील. त्या वेळी प्रारूप प्रभाग रचना आपल्या महापालिकेच्या कार्यालयात हरकतींसाठी ठेवली जाईल. ती पाहायला जा, हद्द कुठून कुठे गेली ते तपासा आणि लेखी हरकत नोंदवा. पण त्याआधी आपल्या आमदाराला भेटा आणि विचारा, की प्रभाग आखण्याचा अधिकार आयोगाला परत देण्याच्या बाजूने तुम्ही मत देणार आहात का? उत्तर लेखी मागा.