दुकानाच्या बोर्डासाठी फॉन्ट कोणता? मुक्ता की बलू?

बोर्ड करायला गेलात की डिझायनर दहा फॉन्ट दाखवतो आणि आपण म्हणतो, "तुम्हीच ठरवा." तसं करू नका. बोर्ड एकदा लागला की पाच-सात वर्षं तोच राहतो.

आज दोनच फॉन्ट बघू: मुक्ता आणि बलू २. दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप'चे, गुगल फॉन्ट्सवर फुकट, धंद्यासाठी वापरायलाही परवानगी. दोन्हींत मराठी आणि इंग्रजी अक्षरं एकाच वळणाची मिळतात. याचा फायदा काय? २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर देवनागरी मराठी हवीच, आणि तिची अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान चालत नाहीत. दहापेक्षा कमी कामगार असले तरी हा नियम लागू आहे.

मुक्ता: साधा, मोकळा, सात जाडींमध्ये. हार्डवेअर, मेडिकल, झेरॉक्स, होमस्टे यांना शोभतो. पाकिटावरचा बारीक मजकूरही नीट वाचता येतो.

बलू २: गोलसर, गुबगुबीत, पाच जाडींमध्ये. खाऊ, आइस्क्रीम, खेळणी यांना मस्त. पण फार जाड घेतला की अक्षरांतली पोकळी कमी होते. लांबून 'घ' आणि 'ध' सारखेच दिसू शकतात.

आता आपल्या नांदगावचा हिशोब. हायवेवर गाडी ताशी ८० किलोमीटरने आली तर सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. बोर्ड ६० मीटरवरून दिसला, तर गिऱ्हाइकाकडे तीन सेकंदही नाहीत! तेवढ्यात नाव वाचून ब्रेक मारायचा. म्हणून हायवेवर माझं मत मुक्ता बोल्डला. बाजारात, चालत्या गिऱ्हाइकासाठी बलू खुशाल घ्या.

ऑर्डर देण्याआधी एवढं करा:

१. दुकानाचं नाव दोन्ही फॉन्टमध्ये, एकाच उंचीत, ए-फोर कागदावर छापा.
२. भिंतीला लावून तीस पावलं मागे जा. दुकानाचं नाव माहीत नसलेल्या माणसाला वाचायला सांगा.
३. जोडाक्षरं, रफार, अनुस्वार तपासा. 'सिंधुदुर्ग' लिहून बघा, सगळं कळतं.
४. फाइल घेताना अक्षरं कर्व्हमध्ये बदलून घ्या, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर वेलांट्या इकडच्या तिकडे होतात.

आणि एकदा ठरलं की बोर्ड, बिलबुक, पिशवी, व्हॉट्सॲपचा फोटो, सगळीकडे तोच फॉन्ट. गिऱ्हाईक नाव वाचायच्या आधी वळण ओळखतं. छपाईचे दोन कागद दहा-वीस रुपयांत होतात, बोर्ड बदलायला हजारो लागतात. आजच प्रिंट काढा!