एका पातेल्यातली ऊब

थंडीत ऑफिसातून उशिरा घरी आलात, की पाकिटातल्या सूपवर भागवू नका. चाउडर करा! अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये ते तिसऱ्यांसारख्या शिंपल्या, बटाटा आणि दूध घालून करतात. मॅनहॅटनच्या पद्धतीत दुधाऐवजी टोमॅटो. हा वाद इतका पेटला, की १९३९मध्ये मेन राज्यात चाउडरमधल्या टोमॅटोवर बंदीचं विधेयक आलं होतं!

शाकाहारी मंडळींसाठी तिकडचंच कॉर्न चाउडर आहे. दोघांसाठी लोण्यात एक कांदा मऊ परता. दोन बटाट्यांच्या फोडी, वाटीभर मक्याचे दाणे आणि बुडेल इतकं पाणी घालून शिजवा. थोड्या फोडी डावानं ठेचा. दाटपणा त्यातूनच येतो, मैदा नकोच. मग कपभर दूध. आता फक्त गरम करा, उकळलं तर दूध फुटू शकतं. वर मीठ, मिरपूड, सोबत टोस्ट. झालं जेवण!